उलटा पडलेला चौकोन

आमच्या घरात लुगडं उलटं विणलं जायचं. म्हणजे सुलटी बाजू खाली जमिनीकडं, आणि आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, डोळ्यांसमोर जी असायची ती उलटी, धाग्यांची टोकं लोंबणारी बाजू. शहापुरात नक्षीचं काम करणारे आमच्या गल्लीतले बहुतेक जण असंच विणत. सगळं काम पुरं होऊन कापड मागावरून उतरलं, घडी उलथली, की मग कुठं काय विणलंय ते धड दिसायचं. यात एक मेख होती. कागदावर राघू उजवीकडं तोंड करून बसला असेल तर मागावर त्याला डावीकडं तोंड करून बसवावं लागे, तेव्हा कुठं लुगडं उलथल्यावर तो पुन्हा उजवीकडं बघे. चौकटीच्या कागदावरची नक्षी आप्पांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडं होतं. लोक पुस्तक डावीकडून वाचतात, मी नक्षी उजवीकडून वाचायची. "दोन तांबडे, एक सोडा, तीन हिरवे," असं मी म्हणत जायची आणि आप्पा धागे घालत जायचे. मला अक्षरं यायच्या आधी हे येत होतं, त्यामुळं यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही.

घर म्हणजे एक सोपा, एक स्वैपाकघर, मागं न्हाणी आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. सोप्याचा निम्मा भाग मागानं खाल्लेला. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून आप्पा बसायचे आणि पहाटेपासून खट्-खटाक, खट्-खटाक सुरू व्हायचं. आम्हांला तो आवाज ऐकूच यायचा नाही, थांबला की मात्र आई चुलीपुढून विचारायची, "का वं, काय झालं?" ताण्याच्या सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास भाकरीलासुद्धा लागलेला असायचा. पाव्हणे नाक मुरडत, आम्हांला तो नसला तर जेवण गेलं नसतं. जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कधी झुणका आणि पातळ ताक. लढाईचे दिवस होते, सूत मिळायची मारामार होती, आणि सूत नसलं की आप्पा रिकाम्या मागावर बसून नुसते बोटं मोडत राहायचे. पण सणाला आई गुळाच्या सांज्याच्या पोळ्या मात्र करायचीच. आता नात मला विचारते, आजी, तुमच्या लहानपणी तुम्ही गरीब होता का गं? मी विचारात पडते. होतो बहुतेक. आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.

मला कॉलेजात घातलं ते कुणाच्या इच्छेनं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. मॅट्रिकला बरे गुण पडले, शाळेतल्या बाई घरी येऊन आप्पांशी बोलल्या, आणि आप्पा "बघू या" म्हणाले. आमच्या घरात "बघू या" म्हणजे नाही. पण त्या वेळी ते हो कसं झालं, कुणास ठाऊक. आमचं शहापूर तेव्हा संस्थानी हद्दीत, आणि कॉलेज बेळगावात, म्हणजे इंग्रजांच्या. रोज सकाळी मी चालत चालत राज्य बदलायची आणि दुपारी परत यायची. गणित घेतलं, कारण त्यात पाठांतर कमी असं मला वाटलं होतं. माणसाच्या समजुती कशा असतात बघा.

वर्गात मुली आम्ही दोघीच. दुसरी वकिलाची मुलगी, तिला सगळं आधीच समजलेलं असायचं. सर मूळचे धारवाडकडचे, उंच, कोटाच्या बाहीला सदा खडू लागलेला. शिकवायचे इंग्रजीत, रागवायचे कानडीत. त्या वर्षी त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याच्या कोपऱ्यांना नावं दिली, शेजारी दोन ओळींचा एक नियम लिहिला आणि म्हणाले, याला लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. या नियमानं प्रत्येक बिंदूला नवी जागा मिळते. मूळबिंदू जागचा हलत नाही, सरळ रेघा सरळच राहतात, पण चौकोन कलतो, ताणला जातो, तिरका होतो. तो किती पट मोठा झाला हे सांगणारा आकडा म्हणजे डिटर्मिनंट. इथवर मला समजलं. ओल्या कापडाला दोघींनी दोन टोकांना धरून ओढलं की काय होतं, ते मी हजार वेळा पाहिलं होतं.

मग सर म्हणाले, यालाच असंही समजता येईल की बिंदू जागच्या जागीच आहेत आणि आपण अक्ष बदलले. माझं डोकं तिथं फिरलं. मी धीर करून विचारलं, "सर, मग खरं हलतं काय? बिंदू का अक्ष?" सर म्हणाले, "दोन्ही एकच." सगळा वर्ग मान हलवत होता म्हणून मीही हलवली. पुढं आमच्या भागाच्या हद्दी अशा आणि इतक्यांदा बदलल्या, की माणूस ओट्यावरून उठलाही नाही आणि त्याचा पत्ता मात्र दुसऱ्या राज्यात गेला. तेव्हा मला सरांची आठवण व्हायची. पण दोन्ही एकच, हे अजून पटलेलं नाही.

त्याहून मोठा घोळ चिन्हाचा होता. मी चित्र काढून डिटर्मिनंट काढला की आकडा बरोबर यायचा आणि पुढं वजा यायचा. बाकीच्यांचे तीन, माझे वजा तीन. बाकीच्यांचे सात, माझे वजा सात. सर लाल शाईनं त्या वजाभोवती गोल करायचे. "पुन्हा तुझा वजा," म्हणायचे, आणि मुलं हसायची. मी एकदा विचारलं, "सर, चौकोन वजा सात पट मोठा होतो म्हणजे काय होतं?" सर म्हणाले, "तसा संकेत आहे." मी घरी येऊन तो संकेत पाठ केला. पाठ केलेलं चित्र काढताना विसरायचं. मला रडू यायचं, आणि आपण नक्की कुठं चुकतोय हेच कळत नसल्यामुळं रडायलाही नीट जमायचं नाही.

अशातच निपाणीचं स्थळ आलं. माणसं आमच्यातलीच, पण माग सोडून तंबाखूच्या धंद्यात गेलेली. मुलगा वखारीवर लिहिण्याचं काम करायचा. मुलाचे काका तिथं हेडमास्तर होते आणि त्यांच्यामुळं त्या घरात शिकलेली मुलगी हवी होती. आई हरखून गेली. मी विचारलं, "लग्न झालं तर कॉलेज?" आई म्हणाली, "लगीन झाल्यावर कसलं कालेज गं? शिकलेली पायजे म्हणत्यात. शिकत असलेली न्हाय." आणि त्याच दमात तिनं पुढचंही सांगून टाकलं, "आणि त्यांनी न्हाय म्हटलं तरी बंद. एवढं शिकवूनबी स्थळ हातचं जात असंल तर शिकवायचं कशापायी?"

म्हणजे पसंत पडले तरी कॉलेज सुटणार, नापसंत झाले तरी सुटणार. आप्पा मागावर धोटा इकडून तिकडं टाकत राहिले. खरं सांगायचं तर त्या वजानं मला इतकं छळलं होतं, की सुटलं तर बरं असंही एखादे वेळी वाटायचं. आणि दुसऱ्याच घटकेला वाटायचं, निदान तो वजा कुठून येतो एवढं कळल्याशिवाय तरी सुटू नये. मला काय हवं होतं हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी सरांसारखंच दोन्ही एकच म्हणाले असते.

पाव्हणे सकाळच्या मोटारीनं आले. मुलगा, त्याची आई आणि हेडमास्तर काका. सोप्यात माग असल्यामुळं अंगणात घोंगडं अंथरलं होतं. मी आप्पांच्या मागावरची नऊवारी नेसले होते, पदरावर राघूंची ओळ होती, आणि तो पदर आईनं माझ्या डोक्यावरून असा घट्ट घेतला होता की मला कानाशी खाजवायचीही चोरी. उप्पीट दिलं, चहा दिला. मुलाच्या आईनं मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. "पोरगी सावळी हाय, पर नाकीडोळी नीटस हाय," असं माझ्यासमोरच ती दिराला म्हणाली. मुलगा चहाच्या कपात बघत होता.

मग हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "गणित घेतलंय म्हणे तुम्ही. कुठवर आलंय?"

मी खाली बघत म्हणाले, "लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांची दया आली. बी.ए.ला त्यांनी ते केलं होतं आणि त्यानंतर निपाणीत कुणाशी त्यावर बोलायला मिळालं नसणार. "वा! मग एक सोडवूनच दाखवा. एक एकक बाजूचा चौकोन घ्या. नवा क्ष म्हणजे जुन्या क्षची दुप्पट अधिक य. नवा य म्हणजे जुना क्ष अधिक यची तिप्पट. चौकोन कसा दिसेल आणि किती पट होईल?"

आई घाबरून माझ्याकडं बघायला लागली. पाटी नव्हती, म्हणून मी उठून रांगोळीचं भांडं आणलं आणि अंगणातच बसकण मारली. आधी जुना चौकोन काढला, कोपऱ्यांना अ, ब, क, ड नावं दिली. मग मोजून मोजून नवा काढला. रेघा चांगल्या आल्या. कोपऱ्यांवरून बोटांवर आकडेमोड केली आणि म्हणाले, "वजा पाच."

हेडमास्तर घोंगड्यावरून उठून माझ्या बाजूला आले, चित्रावर वाकले, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाच. नुसते पाच. वजा कुठला काढलात? ही जमीन असती तर काय वजा पाच गुंठे विकणार होता? आणि हे काय? नवा चौकोन उजवीकडं जायचा तो तुम्ही डावीकडं काढलाय. डावं-उजवं कळत नाही का?"

माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. तेवढ्यात आप्पा, जे एरवी पाव्हण्यांसमोर तोंड उघडत नसत, सोप्याच्या उंबऱ्यावरून म्हणाले, "मास्तर, आमच्यात नक्षी अशीच काढत्यात. कागदावर उजवी असली तर मागावर डावी काढायची. पोरगीला बारक्यापणापास्नं त्याचीच सवय."

मुलाची आई हसली. "नाचता येईना अंगण वाकडं!"

मी मान वर केली नाही. मी रांगोळीकडं बघत होते. जुन्या चौकोनात अ वरून ब, ब वरून क, क वरून ड असं बोट फिरवलं की ते एका बाजूनं वळसा घेत होतं. नव्या चौकोनात तसंच फिरवलं, तर वळसा उलट्या बाजूनं. मी पुन्हा फिरवून बघितलं. पुन्हा उलटा. वर्षभर ज्याच्याभोवती लाल गोल पडत होते ते हे होतं. मी जुना चौकोन कागदावर काढत होते आणि नवा मागावर.

"उलथलंय!" मी म्हणाले, आणि ते फार मोठ्यानं म्हणाले असणार, कारण शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "मास्तर, वजा म्हणजे कापड उलथलं! पाचपट मोठं झालं आणि उलथलं. हे बघा." दाखवायला हाताशी दुसरं काही नव्हतं. मी डोक्यावरचा पदर ओढून काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ताणून धरला. "हा राघू उजवीकडं बघतोय ना? आता हा पदर उलथला. आता कुठं बघतोय? डावीकडं. लांबी तीच, रुंदी तीच, राघू तेवढाच. फक्त वळसा बदलला. तो वजा. आणि पुन्हा उलथला की पुन्हा उजवीकडं. वजा गुणिले वजा!"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी होणाऱ्या सासूसमोर आणि दोन परक्या पुरुषांसमोर उघड्या डोक्यानं पदर झेंड्यासारखा धरून उभी आहे. आईनं तोंडावर हात ठेवला होता. हेडमास्तर कधी पदराकडं, कधी रांगोळीकडं बघत होते. "असेल," ते हळूच म्हणाले. "असेलही. पण पुस्तकात असं कुठं नाही. आणि उत्तर तुमचं चुकलंच."

चुकलंच होतं. त्यांनी दिलेल्या नियमात उलथणं नव्हतं, ते मी घरातून आणून घातलं होतं. "हो, चुकलं," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना. चूक कुठं आहे हे कळल्यावर इतका आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढं मुलींना गणित शिकवताना एखादीचं तोंड असं फुललं, की मी तास संपला तरी घंटेकडं लक्ष देत नसे.

तेवढ्यात मुलगा, ज्याचा आवाज आम्ही कुणी तोवर ऐकला नव्हता, म्हणाला, "परत एकदा दाखवा की."

"गप रं तू," त्याची आई म्हणाली आणि उठली. मी पदर डोक्यावर घेतला. मला त्याला परत दाखवायला आवडलं असतं, हे इथं लिहून टाकते. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही, पण माणूस वाईट नसावा. आणि त्या क्षणी माझा पुन्हा गोंधळ उडाला. वजा समजला, आणि आता हा दुसरा घोळ.

जाताना मुलाची आई कुंकू लावून घेऊन, उप्पिटाची दुसरी वाटी तशीच ठेवून म्हणाली, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या घरात सांगावं लागत नाही. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता एकदाच म्हणाली, "पदर काढून दाखवलास व्हय गं. पदर!" आणि डोळे पुसले. तिचं दुःख मला दिसत होतं. तिनं पहाटे उठून अंगण सारवलं होतं, शेजारून चांगल्या कपबशा मागून आणल्या होत्या. तिच्या मनातलं निपाणीचं घर, भरलेली वखार, सगळं माझ्या त्या एका उलथण्यात गेलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आप्पा मागावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जायची तयारी केलीच नाही. नापसंत झाले तर बंद, हे ठरलेलंच होतं, आणि आपण होऊन बंद केलं तर निदान ते ऐकावं तरी लागणार नाही. कोपऱ्यातला सूत भरायचा रहाट पुढं ओढला आणि कांड्या भरायला बसले. धोट्यात घालायच्या त्या बारक्या कांड्यांवर सूत भरणं हे आमच्यात बायकांचंच काम. पुरुषानं रहाटाला हात लावला तर सगळी गल्ली हसायची. बायको आजारी पडली तर लोक शेजारणीला बोलावत, पण रहाटावर बसत नसत. मी दोनचार कांड्या भरल्या असतील नसतील, तोच मागाचा आवाज थांबला.

"का वं, काय झालं?" आईनं आतून विचारलं.

आप्पा खड्ड्यातून वर आले, गुडघे चोळले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "आज कालेज न्हाय?"

"आई म्हणाली, बंद."

आप्पांनी स्वैपाकघराकडं बघितलं. आई दारात आली होती, तिच्या हाताला पीठ होतं. आप्पा मला म्हणाले, "त्यो वजा. तुझ्या सरांना म्हाईत हाय का, कशापायी येतोय त्ये?"

"माहीत असंल. सांगितलं नाही कधी."

"मग जाऊन सांग जा. ऊठ."

मी उठले तरी नीट उमजलं नव्हतं. आप्पा माझ्या जागी खाली बसले, मांडी नीट केली आणि रहाटाचा दांडा धरला. पहिलं सूत तुटलं. दुसरं भरलं. एवढ्यात शेजारच्या काकू ताक मागायला दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "अगंबाई! आज मालक कांड्या भराय लागले व्हय?"

आप्पांनी रहाट थांबवला नाही. "व्हय," ते म्हणाले. "पोरीला कालेजला उशीर व्हाय लागलाय."